स्टेप फाइल फाटकी आली तर: पार्टची भूमिती दुरुस्त करण्याचा माझा क्रम

दुसऱ्या कॅडमधून, म्हणजे डिझाइनच्या दुसऱ्या प्रोग्राममधून, आलेला पार्ट उघडला आणि ट्रीमध्ये (पार्टच्या घटकांच्या यादीत) एका बंद सॉलिडच्या जागी सुट्या सरफेसांचा (पृष्ठभागांचा) ढीग दिसला, की हात आपोआप ऑटो-हीलच्या, म्हणजे स्वयंचलित दुरुस्तीच्या, बटणाकडे जातो. तो तिथेच थांबवा. बटण वाईट नाही. मी ते रोज वापरते. पण त्या प्रोग्रामला एकच काम ठाऊक असतं, ते म्हणजे उघड्या एज, म्हणजे शेजाऱ्याशी न जुळलेल्या कडा, बंद करणं. कोणता फेस (पार्टची एक बाजू) बेअरिंग बसायची जागा आहे आणि कोणता नुसता बाहेरचा उतार, हे त्याला कळत नाही. बंद करायला जे सरकवावं लागेल ते तो सरकवतो. मग सॉलिड बंद झालाय म्हणजे बरोबरच असणार, असं टूलपाथ (मशीनच्या हत्याराचा मार्ग) काढणारा, साचा बनवणारा, विश्लेषणासाठी मेश (बारीक तुकड्यांची जाळी) करणारा असे सगळेच धरून चालतात. म्हणून काय हललं आणि किती हललं, हे दुरुस्ती करणाऱ्याला माहीत असायलाच हवं. माझा सगळा क्रम त्यासाठी आहे.

आधी फाइल वाचा

मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवा आणि तिला पुन्हा हात लावू नका. मग दुसरी प्रत साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. स्टेप, म्हणजे एका कॅडमधून दुसऱ्यात पार्ट नेण्याचा फॉरमॅट, ही वाचता येणारी मजकूर-फाइल असते, आणि पाच मिनिटांत ती बरंच सांगते. वरच्या हेडरमध्ये ती कोणत्या प्रणालीने लिहिली आणि कोणत्या स्कीमाप्रमाणे (ठरलेल्या रचनेप्रमाणे) लिहिली, म्हणजे एपी २०३, २१४ की २४२, ते असतं. खाली एकक सापडतं. अनिश्चिततेचा आकडाही सापडतो, म्हणजे पाठवणाऱ्याच्या मते दोन बिंदू किती जवळ असले की एकच समजायचे ते अंतर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भूमिती ‘मॅनिफोल्ड सॉलिड ब्रेप’ (बंद सॉलिड) म्हणून लिहिली आहे की ‘शेल बेस्ड सरफेस मॉडेल’ (नुसते सरफेस) म्हणून, ते शोधा. दुसरं असेल तर पार्ट तुमच्याकडे फाटलेला नाही, तो तिकडूनच सरफेस म्हणून निघालाय. अशा वेळी एक्स्पोर्टची सेटिंग बदलून फाइल पुन्हा मागवणं ही सगळ्यात चांगली दुरुस्ती.

आयजीईएस, म्हणजे त्याच कामाचा जुना फॉरमॅट, आली असेल तर एन्टिटीचे (फाइलमधल्या घटकांचे) क्रमांक पाहा. नुसत्या १४४ दिसल्या तर ते सुटे ट्रिम केलेले (कडेने कापलेले) सरफेस आहेत, कोणाचा शेजारी कोण हे फाइलला माहीतच नाही. १८६ असेल तर सॉलिड आहे. या फॉरमॅटची शेवटची आवृत्ती, ५.३, १९९६ ची आहे. दुसरा पर्याय मिळत असेल तर मी आयजीईएस घेत नाही. सॉलिडवर्क्स, एनएक्स आणि सॉलिड एज हे तिन्ही कॅड प्रोग्राम पॅरासॉलिड कर्नलवर, म्हणजे भूमितीचं गणित करणाऱ्या एकाच गाभ्यावर, चालतात. पाठवणारा आणि तुम्ही दोघंही यांपैकी काही वापरत असाल तर सरळ पॅरासॉलिड फाइल मागा. मग एका गणितातून दुसऱ्या गणितात उतरवण्याचा प्रश्नच उरत नाही.

एककाची खात्री बाउंडिंग बॉक्सवरून, म्हणजे अख्खा पार्ट मावेल अशा चौकोनी खोक्याच्या मापांवरून, करा. इंच आणि मिमीच्या गोंधळात २५.४ पट मोठा किंवा लहान झालेला पार्ट दुरुस्त करत बसण्यात अर्धा दिवस जाऊ शकतो, कारण टॉलरन्सचे (किती फरक चालवून घ्यायचा त्याचे) सगळे आकडे त्याच पटीत चुकतात.

पार्ट फाटतो कशामुळे

दोन वाकडे सरफेस जिथे छेदतात ती रेषा बहुतेक वेळा नेमक्या सूत्रात लिहिता येत नाही. कॅड ती जवळपास जाणाऱ्या स्प्लाइनने, म्हणजे लवचीक वक्ररेषेने, लिहितं आणि ‘इतक्या अंतराच्या आत आहे ना, मग एकच एज’ असं मानतं. हे ‘इतकं’ प्रत्येकाचं वेगळं. पॅरासॉलिडची नेहमीची अचूकता ०.००००१ मिमी, कॅटिया व्ही५ ची ०.००१ मिमी. क्रिओमध्ये तर अचूकता पार्टच्या आकाराच्या प्रमाणात ठेवण्याची पद्धत दीर्घकाळ डिफॉल्ट होती, त्यामुळे मोठ्या पार्टमधल्या फटीही मोठ्या. सैल हाताने लिहिलेली फाइल कडक हाताच्या प्रणालीत उघडली, की जिथे एक एज होती तिथे दोन दिसतात आणि मध्ये फट. भूमिती तीच असते, ‘जवळ’ कशाला म्हणायचं ते बदललेलं असतं.

ही गोष्ट पक्की समजली की पुढचे निर्णय सोपे होतात. तपासणी चालवून उघड्या एज रंगवून घ्या आणि सगळ्यात मोठी फट मोजा. फाइलमधली अनिश्चितता ०.०१ मिमी आहे आणि मोठ्यात मोठी फट ०.००८, तर हा नुसता टॉलरन्सचा मामला आहे, शिवून टाका, म्हणजे त्या एज जोडून टाका. फट ०.३ मिमी असेल तर तिथे काहीतरी गहाळ आहे किंवा चुकीचं कापलं गेलंय. ती शिवायची नाही.

याच वेळी कागदावर उतरवून ठेवा: फेसची संख्या, उघड्या एजची संख्या, एकूण क्षेत्रफळ, बाउंडिंग बॉक्स, आणि सगळ्यात लहान खऱ्या एजची लांबी. शेवटचा आकडा लोक घेत नाहीत. तोच पुढे उपयोगी पडतो.

शिवण

स्टिच टॉलरन्स, म्हणजे किती अंतरापर्यंतच्या एज जोडायच्या तो आकडा, एकदम मोठा देऊ नका. मी ०.००१ मिमीपासून सुरू करते, मग ०.००५, मग ०.०१, क्वचित ०.०२. प्रत्येक पायरीनंतर उघड्या एज किती उरल्या ते पाहते. आकडा उतरायचा थांबला की तिथेच थांबायचं. पुढे टॉलरन्स वाढवल्याने जे बंद होतं ते बंद व्हायला नको असतं. आणि एक मर्यादा कधीच ओलांडायची नाही: टॉलरन्स हा सगळ्यात लहान खऱ्या एजपेक्षा बराच लहान हवा. ०.०५ मिमीची एज असलेल्या पार्टला ०.०५ चा टॉलरन्स दिला तर त्या एजची दोन टोकं एकाच बिंदूत मिटतात, शेजारचे फेस वेडेवाकडे ओढले जातात आणि पार्ट मात्र ‘बंद झाला’ असा संदेश येतो.

काही कर्नल फट बुजवत नाहीत, त्या एजला जास्त टॉलरन्सचा शिक्का मारून मोकळे होतात. पडद्यावर सगळं नीट दिसतं. पुढे त्याच पार्टवर शेल (आतून पोकळ करणं) किंवा ऑफसेट (फेस ठरावीक अंतराने सरकवणं) चालवला की ते तिथेच अडतं. म्हणून शिवून झाल्यावर अशा सैल एजची यादी वेगळी काढा.

हाताने करायचं काम

उरलेल्या एजसाठी सॉफ्टवेअर कोणतंही असो, कॅडफिक्स, स्पेसक्लेम किंवा विनामूल्य फ्रीकॅड, आज्ञांची नावं बदलतात, काम तेच राहतं. आधी जास्तीचं काढा, मग गहाळ भरा. उलट केलंत तर भरलेला फेस जास्तीच्या फेसशी जोडला जातो आणि गुंता वाढतो.

जास्तीचं म्हणजे पहिल्यांदा एकावर एक बसलेले दुहेरी फेस. दोघांपैकी ज्याच्या एज शेजाऱ्यांशी जुळतात तो ठेवायचा. मग चिंध्या, म्हणजे ०.००२ मिमी रुंदीचे लांबलचक फेस, जे बहुधा फिलेट (कडेला दिलेली गोलाई) संपतो तिथे सापडतात. ती चिंधी काढा आणि दोन्ही शेजारी वाढवून एकमेकांना भिडवा. पण आधी तिथे झूम करून खात्री करा. कधी कधी ती मुद्दाम दिलेली बारीक पायरी असते आणि ड्रॉइंगवर तिचं मापही असतं.

फेस आपल्या हद्दीबाहेर पसरलेला दिसला, किंवा त्यातलं भोक बुजलेलं दिसलं, तर सरफेस खराब आहे असं समजून तो फेकून देऊ नका. खालचा सरफेस बहुतेक वेळा ठणठणीत असतो, ट्रिम करणाऱ्या रेषा बिघडलेल्या असतात. फाइलमध्ये एकच सीमारेषा दोन रूपांत असू शकते, एकदा अवकाशात आणि एकदा सरफेसच्या स्वतःच्या यू-व्ही पटावर (त्यावरच्या दोन निर्देशांकांत), आणि या दोघींचं जमत नाही. इम्पोर्टच्या पर्यायांमध्ये त्रिमितीय रेषेला प्राधान्य देण्याची सोय असेल तर ती लावून फाइल पुन्हा आणून पाहा. नाहीच जमलं तर फेस अनट्रिम करा आणि शेजाऱ्यांच्या एज घेऊन पुन्हा कापा. या दुरुस्तीत नवीन भूमिती जन्माला येत नाही, म्हणून मला ती सगळ्यात जास्त भरवशाची वाटते.

गहाळ फेस भरताना मी आधी एकच प्रश्न विचारते: इथे मुळात काय होतं? सपाट असेल तर सपाटच बसवा. दंडगोल असेल तर उरलेल्या तुकड्याची त्रिज्या मोजा. ती ४.९९९८७ आली आणि आजूबाजूची मापं पूर्णांकात असली, तर ५ चा खरा सिलिंडर काढून त्याने जागा भरा. ‘फिल’ ही आज्ञा चारी बाजूंनी ताणलेला स्प्लाइन पॅच देते. तो डोळ्यांना गोल दिसेल, पण मशिनिंगच्या प्रोग्रामला ते भोक म्हणून ओळखू येणार नाही. फिल मुक्त आकाराच्या जागीच वापरावा, आणि तेव्हा शेजाऱ्यांशी टँजंट (न मोडता, सलग) राहण्याची अट घालावी.

सगळ्यात जास्त त्रास देणारी जागा म्हणजे फिलेटांचा कोपरा. समजा प्लॅस्टिकच्या झाकणावर आर २, आर २ आणि आर ५ (आर म्हणजे त्रिज्या, मिमीत) असे तीन फिलेट एका कोपऱ्यात येतात आणि मधला छोटा पॅच गायब आहे. तिथे तीन-चार बाजूंचं ठिगळ बसवत बसण्यापेक्षा तिन्ही फिलेट काढून टाका. काढण्याआधी त्रिज्या लिहून घ्या. मुख्य फेस वाढवून धारदार कोपरा मिळवा, पार्ट तिथे पूर्ण बंद करा, आणि मग फिलेट नव्याने द्या, मोठ्या त्रिज्येचा आधी. कोपरा स्वच्छ येतो, आणि पुढे कोणी त्रिज्या बदलायला सांगितली तरी अडचण येत नाही. स्वतःलाच छेदणारा फिलेटचा सरफेस सापडला तर तिथेही हाच मार्ग. तो ताणून-दाबून सरळ होत नाही.

सॉलिड बंद झाला पण घनफळ ऋण आलं, तर फेसची दिशा उलटी आहे. ते एका आज्ञेचं काम.

बदल करायचे असतील तर

भोक सरकवणं, कोरलेली अक्षरं काढणं, विश्लेषणासाठी बारीक भोकं बुजवणं हे सगळं पार्ट निरोगी झाल्यावर, वेगळ्या नावाने जतन केलेल्या फाइलवर करा. फेस काढून शेजारी वाढवणाऱ्या आज्ञेला, फ्रीकॅडच्या पार्ट वर्कबेंचमधलं डिफीचरिंग घ्या उदाहरणार्थ, शेजारी कोण हे नीट ठाऊक असावं लागतं. फाटक्या पार्टवर ती अडखळते आणि दोष भलत्याच आज्ञेला मिळतो.

स्प्लाइन झालेल्या फेसना पुन्हा सिलिंडर, प्लेन, शंकू म्हणून ओळखण्याची सोय फार कामाची आहे, पण तिथला टॉलरन्स डोळ्यांत तेल घालून निवडा. चार मिमी लांबीच्या पिनला पाव अंशाचा ड्राफ्ट (साच्यातून सहज सुटण्यासाठी दिलेला उतार) असेल तर दोन टोकांच्या त्रिज्येत फरक फक्त ०.०१७ मिमी पडतो. मधल्या त्रिज्येचा सिलिंडर बसवला तर विचलन ०.००९ च्या आत. म्हणजे ०.०१ चा टॉलरन्स ठेवला की प्रोग्राम खुशाल सिलिंडर बसवतो आणि ड्राफ्ट नाहीसा होतो. पडद्यावर काहीच कळत नाही. साच्यातून पार्ट अडकत बाहेर यायला लागतो तेव्हा कळतं. मी इथे ०.००१ च्या वर जात नाही.

तपासून मगच पाठवा

स्टेप फाइलमध्ये पाठवणाऱ्याने घनफळ, क्षेत्रफळ आणि गुरुत्वमध्य हे पडताळणीचे गुणधर्म लिहिलेले असू शकतात. असतील तर त्यांच्याशी तुलना करा. नसतील तर मागवा, तीन आकडे कळवायला त्यांना वेळ लागत नाही. त्यानंतर मूळ फाइलचे सरफेस आणि दुरुस्त पार्ट एकावर एक ठेवून विचलनाचा रंगनकाशा काढा. एकूण घनफळ जुळलं तरी एखादा फेस सरकलेला असू शकतो, तो इथे सापडतो. मग स्वतःचीच फाइल एक्स्पोर्ट करून कोऱ्या सत्रात परत उघडा आणि एक मिमीचा शेल चालवून पाहा. तो बिनतक्रार झाला तर आतली जोडणी बहुतेक पक्की आहे.

काही जागा मात्र मी बंद करता येत असल्या तरी करत नाही. सील बसणारा फेस, डेटम (मापं जिथून धरतात तो संदर्भ-फेस), दुसऱ्या पार्टला भिडणारी जागा, बेअरिंगची सीट यांतलं काही गहाळ असेल आणि ड्रॉइंग हाताशी नसेल, तर अंदाजाने भरलेला फेस खऱ्यासारखाच दिसतो, आणि तोच धोका आहे. तिथे स्क्रीनशॉट काढून, फेसवर खूण करून पाठवणाऱ्याला विचारते.

दुरुस्त फाइलबरोबर एक छोटी नोंद जोडा. तिच्यात मूळ फाइलचं नाव, वापरलेला स्टिच टॉलरन्स, नव्याने बनवलेले फेस आणि फिलेट त्यांच्या त्रिज्यांसह, आणि ०.०१ मिमीपेक्षा जास्त हललेल्या प्रत्येक फेसचं विचलन असावं. नवे फेस मी पार्टमध्येही वेगळ्या रंगात ठेवते. स्टेप एपी २१४ आणि २४२ दोन्ही रंग वाहून नेतात, त्यामुळे पुढच्या माणसाला नोंद न उघडताही ते दिसतात.