संत्रा बासुंदी फाटू नये म्हणून

नागपुरी संत्री इंदूरच्या बाजारात आली की आमच्याकडे बासुंदी ठरलेली. पण फोडी घातल्या की दूध फाटायचं, शिवाय मागून कडसर चव. संत्र्यातल्या सायट्रिक आम्लानं दुधातलं केसीन हे प्रथिन गोळा होतं, आणि दूध गरम असलं तर फारच लवकर. म्हणून आता आटवलेली, साखर घातलेली बासुंदी फ्रिजमध्ये पार गार करते. फोडींचं पातळ साल, पांढरे धागे, बिया सगळं काढायचं, कडूपणा तिथलाच. सुटलेला केशरी गर चाळणीत निथळायचा आणि अगदी वाढताना हलक्या हातानं मिसळायचा. १ लिटर दुधाला २ संत्री पुरतात. वेलची मी घालत नाही, संत्र्याचा वास दबतो. निथळलेला रस मुलं लगेच संपवतात.