लाइव्ह कोडिंगच्या मैफलीत सर्व लॅपटॉप एका समेवर कसे आणावेत

तीन-चार जणांनी आपापल्या लॅपटॉपवर कोड लिहीत एकत्र वाजवायचे, तर लय आणि सम या दोन्ही गोष्टी सर्व यंत्रांत एकच असाव्या लागतात. नुसती गती सारखी ठेवून भागत नाही, कारण दोघेही मिनिटाला १२० मात्रांनी वाजवत असले तरी एकाची सम दुसऱ्याच्या खालीवर पडू शकते. शिवाय लॅपटॉपचे घड्याळ क्वार्ट्झ स्फटिकावर चालते, आणि दोन स्फटिकांच्या वेगात दहा लाखांत २० भागांचा फरक असणे अगदी सामान्य आहे. म्हणजे एका तासात ७२ मिलिसेकंद. या गतीला पाव मात्रा १२५ मिलिसेकंदांची असते, तेव्हा तासाभरात ठेका पाव मात्रेच्या अर्ध्याहून अधिक सरकलेला असेल.

कोकणात असा कार्यक्रम देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या पटांगणात ठेवला, तर तिथे मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. परंतु या कामाला इंटरनेट लागतच नाही. स्वतःचा एक साधा राउटर न्यावा आणि शक्य असेल तर प्रत्येक लॅपटॉप त्याला केबलनेच जोडावा. दोन यंत्रांमधील वेळेचा फरक काढताना निरोप जाण्यास आणि परत येण्यास सारखाच वेळ लागतो असे गृहीत धरलेले असते. वायफायवर, विशेषतः प्रेक्षकांचे शेकडो फोन आसपास असताना, हे गृहीतक कोलमडते. वायफायशिवाय पर्यायच नसेल, तर त्याचा पासवर्ड फक्त वादकांकडे ठेवावा आणि लॅपटॉपमधील वीजबचत बंद करावी.

जुळवणीसाठी मी लिंक सुचवीन. एबलटन या संगीत-सॉफ्टवेअर कंपनीने २०१६ साली खुली केलेली, राउटरच्या जाळ्यावरून सर्व यंत्रांची गती आणि सम जुळवणारी ही पद्धत सॉनिक पाय, टायडलसायकल्स आणि सुपरकोलायडर या लाइव्ह कोडिंगच्या तिन्ही प्रोग्रॅमच्या सध्याच्या आवृत्त्यांत उपलब्ध आहे. जाखडीत नाचणारे मध्ये बसलेल्या मृदंगवाल्याकडे कान देतात. लिंकमध्ये असा मधला वादक नसतो, सर्व यंत्रे समान असतात आणि कोणीही गती बदलली की ती सर्वांची बदलते. म्हणून गती कोणी बदलायची हे आधीच ठरवावे. आवर्तनाची लांबीही सर्वांनी एकच ठेवावी: भजनी ठेका धरायचा असेल तर ८ मात्रा, त्रितालासाठी १६. एकमेकांचे लॅपटॉप दिसत नसतील, तर प्रथम फायरवॉल आणि राउटरमधील मल्टिकास्टची (एकच निरोप अनेक यंत्रांना एकदम पाठवण्याची) सोय तपासावी. अडचण बहुधा तिथेच सापडते.

लिंक वापरताना लॅपटॉपच्या कोपऱ्यातील वेळ जुळलेली नसली तरी चालते. मात्र एका यंत्रावरून दुसऱ्याला वेळेचा शिक्का मारलेले ओएससी (संगीताचे प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात ती पद्धत) संदेश पाठवायचे असतील, तर ती घड्याळेही जुळवावी लागतात. त्यासाठी एका लॅपटॉपवर क्रोनी हा घड्याळे जुळवणारा प्रोग्रॅम बसवून त्याला स्थानिक वेळेचा स्रोत करावे आणि बाकीच्यांनी त्याच्याकडून वेळ घ्यावी. हे कार्यक्रमाच्या बरेच आधी सुरू करावे, कारण वाजवताना घड्याळाने एकदम उडी मारली तर सूर एकतर अडकतात किंवा सगळे एकदम वाजून जातात.

घड्याळे जुळली तरी आवाज जुळेलच असे नाही, आणि नेमकी हीच पायरी बहुतेक जण गाळतात. प्रत्येक साउंड कार्ड आपापला विलंब लावते. दोन लॅपटॉप शेजारी ठेवून दोन्हींवर समेला फक्त एक कडक टिचकी वाजवावी, फोनवर ती ध्वनिमुद्रित करावी आणि ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडून लहर मोठी करून पाहावी. दोन उभे काटे दिसतील. त्यांतील अंतर जितके मिलिसेकंद, तितका विलंब जो आधी वाजतो त्याला द्यावा आणि पुन्हा मोजावे. वादक लांब लांब बसणार असतील, तर हवेचाही हिशेब धरावा: कोकणातल्या उकाड्यात ध्वनी सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो, म्हणजे ७ मीटरला २० मिलिसेकंद. सर्वांचा आवाज एकाच मिक्सरमधून घेऊन प्रत्येकाने हेडफोनवर ऐकणे उत्तम.

राउटर यूपीएसवर असलाच पाहिजे. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. तरीही तो बंद पडला तर कोणीही घाईने प्रोग्रॅम बंद करू नये. लॅपटॉप आपापल्या स्फटिकावर चालत राहतात, आणि वरच्या हिशेबाने पाच मिनिटांत फरक केवळ ६ मिलिसेकंदांचा पडतो. जाळे परत आल्यावर ज्याचा ठेका हललेला वाटेल त्याने आवाज उतरवावा, लिंक बंद करून पुन्हा सुरू करावी, हेडफोनवर एक-दोन आवर्तने ऐकून सम पडताळावी आणि मगच आवाज चढवावा.