लँडस्केप फोटोवर अभिप्राय मागताय? या चुका टाळा

राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून पहाटे सुवेळा माचीचा फोटो काढायचा, ट्रेकच्या ग्रुपवर टाकायचा आणि विचारायचं, "कसा वाटला?" उत्तरं ठरलेली: "कडक", "खतरनाक", "वॉलपेपर!" यातल्या एकाचाही पुढचा फोटो काढताना उपयोग नाही. यात मित्रांना दोष देऊ नका, प्रश्नच मोघम आहे.

मुळात चुकतं ते इथेच: आपल्याला काय दाखवायचं होतं, हे आपण सांगत नाही. तोच प्रश्न असा विचारून बघा: "माचीची तटबंदी ठळक दिसावी असं मनात होतं, पण नजर वरच्या पांढऱ्या आकाशातच अडकते. काय करू?" आता जाणकाराला बोलायला काहीतरी मिळतं. तो सांगेल, सुवेळा पूर्वेकडे पसरलीये, म्हणजे सूर्य थेट समोर. तो वर आला की उजळ आकाश आणि अंधारी माची हे दोन्ही एका एक्स्पोजरमध्ये (एका फोटोसाठी कॅमेऱ्यात घेतलेल्या उजेडात) मावत नाही. सूर्योदयाच्या आधीच, आकाशात नुसती तांबूस कड असताना फोटो घ्या. नाहीतर ट्रायपॉड लावून एक एक्स्पोजर आकाशासाठी, एक माचीसाठी घ्या आणि घरी जोडा. तेही नको असेल, तर ऊन जरा वर चढू द्या आणि पाठ फिरवून संजीवनी माचीकडे कॅमेरा धरा. तिकडे सकाळचं ऊन तुमच्या पाठीमागून थेट माचीवर पडतं.

फोटो पाठवण्यातही घोळ होतो. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलात तर फाईल दाबली जाते आणि शटर, ॲपर्चर, आयएसओ या कॅमेऱ्याच्या सेटिंगची माहिती गळून पडते. मग "फोटो मऊ, म्हणजे धूसर, का आलाय?" याचं उत्तर समोरचा देणार कसं? कॅमेरा हलला, फोकस चुकला, की ॲपर्चर (लेन्सचं भोक) एफ/२२ इतकं बारीक केल्यामुळे धार गेली, हे त्या माहितीशिवाय ओळखणं अवघड. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि एडिट केलेल्याबरोबर मूळ फाईलही द्या. वीस फोटो एकदम तर नकोच. त्यातला चांगला कुठला, हे आधी तुम्ही ठरवा.

"मोबाईलवर काढलाय, सांभाळून घ्या" हे वाक्य लिहिलंत की समोरचा खरोखरच सांभाळून घेतो आणि अभिप्राय तिथेच संपतो.

विचारायचं कुणाला? त्याच जागी फोटो काढलेला एक जण हवाच, पण राजगड कधीच न पाहिलेला एक जणही शोधा. त्याला फक्त एवढं विचारा: "आधी नजर कुठे गेली?" तुम्हाला तो फोटो पाहताना चढाईचा घाम, थंडी, टपरीवरचा चहा सगळं आठवतं. त्याला फक्त चौकट दिसते. तो म्हणाला, "कोपऱ्यातल्या त्या निळ्या सॅककडे", तर वाद घालू नका. "तिथे उभं राहायला जागाच नव्हती" हे खरं असेलही, पण फोटोत ते दिसत नाही.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे मिळेल तो सल्ला लागू करणं. एक म्हणतो रंग वाढव, दुसरा म्हणतो क्लॅरिटी वाढव. शेवटी पावसाळी हिरवा रंग प्लॅस्टिकसारखा होतो आणि डोंगराच्या कडेने पांढरी झालर उमटते. "क्षितिज मध्यावर नको" हा सल्लाही सरसकट घेऊ नका. भंडारदऱ्याच्या शांत पाण्यात डोंगराचं पूर्ण प्रतिबिंब पडलं असेल, तर क्षितिज मध्यावरच शोभतं. तिरकं मात्र कुठेच नको.

आलेल्या सूचना दोन ढिगांत घाला: घरी दुरुस्त होणाऱ्या आणि जागेवरच करायच्या. तिरकं क्षितिज, थोडं क्रॉप, फिकट रंग हे घरचं काम. उजेडाची वेळ, उभं राहायची जागा, पूर्ण पांढरं पडलेलं आकाश यांवर एडिटिंगमध्ये डोकं आपटू नका. मोबाईलमध्ये टिपून पुढच्या ट्रेकला न्या. आकाशातल्या काळपट ठिपक्यांचं मात्र आधी निदान करा. लेन्स बदलूनही प्रत्येक फोटोत ते त्याच जागी दिसत असतील तर सेन्सरवर (कॅमेऱ्यातला फोटो टिपणारा भाग) धूळ आहे, आणि ती एफ/१६ च्या आसपास, म्हणजे ॲपर्चर बारीक असताना, जास्त उठून दिसते. ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा) मारून बघा, तोंडाने फुंकू नका.