गावात मोतीबिंदू शिबिर कसे घ्यावे: चिठ्ठी मिळालेला रुग्ण शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचवण्याची पद्धत

सेवाभावी क्लबांच्या वार्षिक अहवालात नेत्रतपासणी शिबिराची नोंद बहुधा ‘इतक्या रुग्णांनी लाभ घेतला’ अशी असते. हा आकडा नोंदणीच्या टेबलावर मोजलेला असतो आणि त्यावरून शिबिराबद्दल फारसे काही कळत नाही. ज्यांना डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची चिठ्ठी लिहून दिली त्यांपैकी किती जणांची ती झाली आणि त्यांपैकी किती जण शेवटच्या तपासणीपर्यंत आले, हे दोन आकडे ज्या क्लबला सांगता येतात, त्याचे शिबिर झाले असे मी मानतो. भारतात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार पन्नाशीपुढील अंधत्वाचे सुमारे ६६ टक्के कारण मोतीबिंदू हेच आहे. शस्त्रक्रियेने बरा होणारा हा विकार असल्याने त्याच्यावर काम करण्याइतके फळ देणारे दुसरे काम छोट्या क्लबच्या हाती क्वचितच येते. लायन्स क्लबांची नेत्रसेवेची परंपरा तर हेलन केलर यांनी १९२५ मध्ये अमेरिकेत सीडर पॉइंट येथील अधिवेशनात केलेल्या आवाहनापासून चालत आली आहे. परंतु परंपरा कितीही जुनी असली, तरी शिबिर नीट घेण्याचे कष्ट प्रत्येक गावात नव्यानेच करावे लागतात.

मंडप, खुर्च्या, पाणी, चहा, फलक यांविषयी येथे लिहीत नाही. ज्या क्लबने एखादे रक्तदान शिबिर घेतले आहे, त्याला हे सारे येते.

आधी रुग्णालय ठरवावे, मग तारीख

अनेक क्लब आधी तारीख जाहीर करतात, पाहुणे ठरवतात आणि मग रुग्णालय शोधू लागतात. ही उलटी पद्धत आहे. शाळेच्या वर्गात टेबले मांडून शस्त्रक्रिया करण्याचे दिवस गेले. आता गावात फक्त तपासणी व्हावी आणि शस्त्रक्रिया सुसज्ज शस्त्रक्रियागृह असलेल्या रुग्णालयातच व्हावी, याबाबत दुमत नसावे. त्यामुळे शिबिराचा कणा म्हणजे ते रुग्णालय, मग ते जिल्हा रुग्णालय असो, उपजिल्हा रुग्णालय असो किंवा एखाद्या विश्वस्त संस्थेचे नेत्र रुग्णालय. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून सुरू आहे आणि जिल्हा पातळीवर त्याची यंत्रणा असते. तिला आधी कळवल्यास नेत्रचिकित्सा अधिकारी शिबिराला मिळू शकतात. रुग्णालयाशी बोलताना पाच गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात: एका दिवशी किती रुग्ण घेणार, ने-आण कोण करणार, डोळ्यात बसवायच्या भिंगाचा आणि औषधांचा खर्च कोणाकडे, नातेवाइकाच्या जेवणाची सोय आहे की नाही, आणि शस्त्रक्रियेनंतर त्रास झाल्यास रात्री फोन कोण उचलणार. पाचव्या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर मिळाले नाही, तर दुसरे रुग्णालय पाहावे.

तारखेबाबत सांगायचे तर दिवाळीनंतरचा आणि संक्रांतीच्या आसपासचा काळ बहुतेक ठिकाणी सोयीचा पडतो, कारण सोयाबीनची काढणी उरकलेली असते आणि गहू-हरभऱ्याची सुरू झालेली नसते. मात्र ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत दसऱ्यानंतर घरातली कर्ती माणसे बाहेर पडतात आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना रुग्णालयात नेणारे कोणी उरत नाही. अशा गावांत शिबिर त्यांच्या जाण्याआधी किंवा परतल्यावर घ्यावे. शस्त्रक्रिया थंडीतच करावी ही समजूत जुन्या काळची आहे, आजच्या पद्धतीने ती कोणत्याही ऋतूत करता येते.

माहिती पोहोचवणे

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेले पत्रक ज्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठीच हे शिबिर आहे, हे आयोजकांच्या ध्यानात राहत नाही. आशाताईंना आधी भेटून पन्नाशीपुढील, नजर मंदावलेल्या माणसांची घरनिहाय यादी करून घ्यावी आणि आदल्या संध्याकाळी मंदिराच्या ध्वनिक्षेपकावरून सूचना द्यावी. एवढे पुरते.

शिबिराचा दिवस

नजर तपासण्याचा तक्ता सहा मीटरवर लावावा आणि ते अंतर पट्टीने मोजावे. पावलांनी मोजलेल्या अंतरावर लिहिलेली नजर रुग्णालयात कोणी ग्राह्य धरत नाही. अक्षरओळख नसलेल्यांसाठी इंग्रजी ‘ई’च्या आकाराचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे हाताने दाखवायचा तक्ता ठेवावा. एक खोली अंधारी करता येईल अशी हवी. बाहुली मोठी करणारे औषध डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कोणत्याही स्वयंसेवकाने कोणाच्या डोळ्यात घालू नये. ते घातल्यावर काही तास उन्हाचा त्रास होतो आणि जवळचे दिसत नाही, म्हणून त्या रुग्णाला एकट्याने घरी पाठवू नये आणि दुचाकी तर मुळीच चालवू देऊ नये. वाचायचे तयार चष्मे तपासणीनंतरच द्यावेत. मंचावर पाहुण्यांच्या हस्ते सरसकट चष्मे वाटण्याला माझा विरोध आहे, कारण चुकीचा नंबर घेऊन गेलेला माणूस पुन्हा तपासणीला येत नाही.

रक्तदाब आणि रक्तशर्करा तेथेच मोजावी. ही तपासणी रुग्णालयात होईलच असे म्हणून ती टाळणारे आयोजक मी पाहिले आहेत. साखर वाढलेल्या रुग्णाला रुग्णालयाच्या दारातून परत पाठवले जाते आणि एकदा परत आलेला रुग्ण दुसऱ्यांदा गाडीत बसत नाही. ज्यांची साखर किंवा रक्तदाब जास्त आहे त्यांची वेगळी यादी करावी, त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात उपचार सुरू करून द्यावेत आणि त्यांच्यासाठी पुढची वेगळी तारीख त्याच दिवशी लिहून द्यावी.

चिठ्ठी ते शस्त्रक्रिया

आता मूळ मुद्दा. डॉक्टरांनी मोतीबिंदू असल्याचे सांगितले, चिठ्ठी लिहिली, रुग्णाने ती कनवटीला किंवा पदराच्या गाठीला बांधली, आणि ठरलेल्या दिवशी गाडी आली तेव्हा निम्मी आसने रिकामी. आमच्या क्लबला सर्वांत जड गेलेला टप्पा हाच, आणि ज्या क्लबांशी माझे बोलणे होते त्या सगळ्यांची तक्रारही हीच असते. त्यावर ‘लोकांना फुकटची किंमत नसते’ असा शेरा मारला जातो. तो अन्यायाचा आहे. माणसे न येण्याची कारणे घरोघरी जाऊन विचारली तर ती अगदी व्यवहारी असतात, आणि बहुतेकांवर आधीच उपाय करता येतो.

पहिले कारण म्हणजे निर्णय रुग्णाचा नसतो. आईच्या डोळ्याचे ऑपरेशन करायचे की नाही, हे पुण्यात कंपनीत नोकरी करणारा मुलगा ठरवतो आणि त्याला शिबिराची खबरही नसते. म्हणून चिठ्ठी लिहिल्यानंतर रुग्णाला तसेच घरी पाठवू नये. शिबिरात एक वेगळे टेबल ठेवावे, तेथे शांतपणे बोलणारे दोन स्वयंसेवक बसवावेत आणि त्यांनी घरातल्या निर्णय घेणाऱ्या माणसाला तेथूनच फोन लावावा. नोंदणीच्या तक्त्यात रुग्णाचा क्रमांक असो वा नसो, या माणसाचा क्रमांक असायलाच हवा. सोबत कोण येणार, त्याचे नावही त्याच वेळी लिहून घ्यावे. ‘बघू, कोणीतरी येईल’ या उत्तरावर समाधान मानू नये.

दुसरे कारण अंतराचे, म्हणजे दिवसांच्या अंतराचे. तपासणी आणि शस्त्रक्रिया यांच्यात महिना गेला की भीती वाढते, शेजारणींचे सल्ले वाढतात, घरात एखादे लग्न निघते. गाडी आठवड्याच्या आत निघाली पाहिजे, आणि तारीख रुग्ण शिबिरातून बाहेर पडण्यापूर्वी त्याच्या चिठ्ठीवर लिहिलेली पाहिजे. रुग्णालय एका दिवशी जेवढे रुग्ण घेते तेवढेच न्यावेत. गाडी भरायची म्हणून जास्त माणसे कोंबली तर उरलेल्यांना बाकावर बसवून परत आणावे लागते आणि पुढच्या वर्षी त्या गावातून कोणी येत नाही.

तिसरे कारण मोतीबिंदू ‘पिकू द्यावा’ ही समजूत. ती इतकी पक्की आहे की डॉक्टरांच्या एका वाक्याने जात नाही. फार पिकलेला मोतीबिंदू काढणे अधिक अवघड असते आणि कधी कधी त्यामुळे डोळ्यातला दाब वाढून कायमचे नुकसान होते, हे सांगावेच. परंतु भाषणापेक्षा जास्त उपयोग होतो तो त्याच गावात आधी शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचा. आमच्या भागातील एका वाडीवर एक आजी तीन वेळा नाही म्हणाल्या होत्या. कारण विचारल्यावर कळले की शेळी व्यायला झाली आहे आणि मागे बघणारे कोणी नाही. त्यांच्या शेजारच्या, आदल्या वर्षी डोळा करून आलेल्या बाईंनी ‘शेळी माझ्या दारात बांध, आणि मी गाडीत तुझ्याबरोबर येते’ असे सांगितल्यावर आजींनी लगेच पिशवी भरली. जनजागृतीची कितीही पत्रके वाटली असती तरी हे झाले नसते. म्हणून प्रत्येक गाडीत शस्त्रक्रिया झालेला एक अनुभवी माणूस आणि किमान एक महिला स्वयंसेविका असावीच, हा आमचा नियम आहे आणि तो मी कोणत्याही कारणाने मोडू देत नाही.

येथे एक इशारा देतो. समजूत घालणे आणि दडपण आणणे यांत फरक ठेवावा. सरपंचांनी सांगितले म्हणून, किंवा क्लबचा आकडा भरायचा म्हणून कोणालाही गाडीत बसवू नये. तसेच ‘पहिल्यासारखे लख्ख दिसेल’ असे आश्वासन स्वयंसेवकांनी कधीही देऊ नये. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, आणि मधुमेहामुळे पडदा खराब झाला असेल तर मोतीबिंदू काढूनही अपेक्षेएवढे दिसत नाही. किती दिसेल हे फक्त डॉक्टरांनी सांगावे. खोट्या आशेने नेलेला एक रुग्ण निराश होऊन परतला की पारावर त्याच्याच डोळ्याची चर्चा होते.

आदल्या संध्याकाळी प्रत्येक घरी फोन करावा. काय सांगायचे ते ठरलेले असावे: डोक्यावरून आंघोळ आजच करून घ्यावी, कारण नंतर काही दिवस डोक्यावरून पाणी घेता येणार नाही; डोक्याला तेल आणि डोळ्यांत काजळ घालू नये; दागिने घरी ठेवावेत; आधार कार्ड, शिबिराची चिठ्ठी आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटांसह बरोबर घ्याव्यात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारावे. आणि उपाशी येण्याचा सरसकट सल्ला तर मुळीच देऊ नये. ही शस्त्रक्रिया सहसा फक्त डोळ्यापुरती भूल देऊन होते, कित्येक रुग्णालये हलके खाऊनच यायला सांगतात, आणि मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी राहिलेल्या माणसाची साखर एकदम उतरून तो गाडीतच घामाघूम होऊ शकतो. खाण्यापिण्याबाबत रुग्णालयाने जे सांगितले असेल तेवढेच फोनवर सांगावे.

शस्त्रक्रियेनंतर

पट्टी दुसऱ्या दिवशी रुग्णालयातच काढली जाते. त्यानंतर रुग्ण घरी येतो आणि क्लबचे लक्ष उडते, नेमके तेव्हाच खरे लक्ष हवे असते. थेंब डॉक्टरांनी ठरवल्याप्रमाणे, साधारण महिना-दीड महिना, हळूहळू कमी करत घालायचे असतात. बाटल्या दोन असल्या आणि वाचता येत नसले तर घोळ होतो, म्हणून एका बाटलीच्या मानेला लाल दोरा बांधून द्यावा आणि कोणती किती वेळा हे घरातल्या माणसाकडून परत म्हणवून घ्यावे. थेंब घालण्यापूर्वी साबणाने हात धुणे, बाटलीचे टोक पापणीला न लावणे, चुलीच्या धुरापासून आणि गोठ्यातल्या धुळीपासून काही दिवस दूर राहणे, डोळा न चोळणे, या गोष्टी आशाताईंनी घरी जाऊन पाहिल्या तर फार फरक पडतो.

डोळा दुखू लागला, लाल झाला, चिपडे किंवा पू आला, किंवा आलेली नजर पुन्हा कमी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे. आत जंतुसंसर्ग झाला असेल तर काही तासांच्या उशिरानेही डोळा जाऊ शकतो. ‘सोमवारी बघू’ हे उत्तर क्लबच्या कोणत्याही सदस्याच्या तोंडून निघता कामा नये. प्रत्येक रुग्णाच्या कार्डावर मोठ्या अक्षरांत एक फोन क्रमांक असावा, तो कोणाकडे कोणत्या आठवड्यात आहे हे बैठकीत ठरवावे, आणि आडवेळी लागणाऱ्या गाडीसाठी थोडी रक्कम बाजूला ठेवावी. सत्कार, शाली आणि नारळ यांवरचा खर्च वाचवला तरी ही रक्कम उभी राहते.

हिरव्या पट्ट्या बांधलेल्या रुग्णांना ओळीत उभे करून छायाचित्र काढण्याची पद्धत बंद करावी, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. देणगीदाराला हिशेब हवा असेल तर गावनिहाय तक्ता द्यावा. त्यात चिठ्ठ्या किती, शस्त्रक्रिया किती, आठवड्यानंतरच्या तपासणीला किती आले आणि शेवटच्या तपासणीला किती, असे चार रकाने असावेत.

शेवटची तपासणी साधारण महिना-दीड महिन्याने होते आणि तेव्हाच चष्म्याचा नंबर निघतो. त्या दिवशी पुन्हा गाडी द्यावी. या फेरीचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरलेला असावा, कारण नंतर त्यासाठी कोणी वर्गणी देत नाही. ज्यांच्या दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे त्यांची यादी त्याच दिवशी करून रुग्णालयाकडून पुढची तारीख घ्यावी, आणि त्या रुग्णांना पुढच्या गाडीत सोबतीला येण्याची विनंतीही तेव्हाच करावी.