दुकानाच्या लँडलाइनवर व्हॉट्सअ‍ॅप

किराणा, मेडिकल किंवा टेलरिंगचं दुकान असेल तर गिऱ्हाइकांना स्वतःचा मोबाइल नंबर वाटत बसू नका. २०१८ साली आलेलं व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे मोफत अ‍ॅप लँडलाइन नंबरवरही चालतं. नोंदणी करताना एसएमएसऐवजी कॉलचा पर्याय निवडा; कोड फोनवर ऐकू येतो. (‘एक दाबा, दोन दाबा’वाली लाइन असेल तर मात्र तो कॉल अडतो.) मग दुकानाची वेळ, पत्ता, घरपोच मालाची अट ही रोजची उत्तरं ‘क्विक रिप्लाय’मध्ये साठवा. चॅटमध्ये तिरकी रेघ (/) टाइप केली की त्यांची यादी समोर. ऑर्डरींना ‘पैसे बाकी’, ‘माल तयार’ अशी लेबलं लावा. रात्रीच्या आपोआप जाणाऱ्या मेसेजमध्ये ‘लवकरच संपर्क करू’ असलं गुळमुळीत नको. ‘सकाळी ९ नंतर उत्तर देतो’ असं स्पष्ट लिहा.