माँटेसरी शाळा निवडताना
‘माँटेसरी’ हे मारिया माँटेसरी यांच्या बालशिक्षण पद्धतीचे नाव कोणतीही बालवाडी पाटीवर लावू शकते. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी चालू वर्गात अर्धा तास शांतपणे बसण्याची परवानगी मागावी. 3 ते 6 वर्षांची मुले एकत्र आहेत का आणि त्यांना आपल्या आवडीचे साधन घेऊन, मध्ये घंटा न होता, सलग सुमारे 3 तास काम करता येते का, हे पाहावे. गुलाबी मनोरा या माँटेसरी साधनाचे, एकावर एक रचायचे लहान-मोठे 10 ठोकळे उघड्या मांडणीवर, मुलांच्या हाताशी असावेत. कपाटात कुलूपबंद असतील, तर ते पालकांना दाखवण्यापुरतेच आहेत असे समजावे. पाणी ओतताना सांडले, तर बाई धावतात की मूल स्वतः फडके आणते, यावरून माहितीपत्रकापेक्षा अधिक कळते. बाईंचे प्रशिक्षण कुठे झाले, हेही निःसंकोच विचारावे.