टीव्हीवर फिगर स्केटिंग पाहताना: कोपऱ्यातली चौकट आणि कॅमेऱ्याची नजर

हिवाळी ऑलिंपिकमधले फिगर स्केटिंग पहिल्यांदाच पाहणाऱ्या प्रेक्षकाची तक्रार बहुधा एकच असते: जो पडला तो पुढे गेला आणि जो एकदाही पडला नाही तो मागे राहिला, हे कसे? या प्रश्नाचे उत्तर प्रक्षेपण चालू असतानाच पडद्यावर दिलेले असते. परंतु ते वरच्या कोपऱ्यातल्या एका लहानशा चौकटीत असते आणि कॅमेरा मात्र आपले लक्ष खेळाडूच्या चेहऱ्याकडे, पोशाखाकडे आणि प्रशिक्षकाच्या घालमेलीकडे वळवीत असतो. ती चौकट वाचायची कशी आणि कॅमेऱ्याने दाखवलेल्या चित्रावर कितपत विसंबायचे, या दोन गोष्टी जमल्या की निकाल अनाकलनीय वाटत नाही. तो पटेलच असे मात्र नाही.

ही चौकट का आली, हे आधी समजून घेणे उपयोगाचे आहे. पूर्वी परीक्षक ६ पैकी गुण देत आणि त्यांचे आकडे एका ओळीत पडद्यावर येत. १९८४ साली सारायेवो येथे जेन टॉर्व्हिल आणि ख्रिस्तोफर डीन या ब्रिटिश जोडीला अंतिम नृत्यात बारा वेळा पूर्ण ६.० मिळाले, तेव्हा खेळातले काहीही न कळणाऱ्या माणसालाही त्याचा अर्थ कळला. टीव्हीला अशी गुणपद्धती फार सोयीची होती. पुढे २००२ साली सॉल्ट लेक सिटी येथे जोडी-स्केटिंगचे सुवर्णपदक रशियाच्या येलेना बेरेझ्नाया आणि अँटोन सिखारुलिद्झे यांना मिळाले आणि अमेरिकी वाहिनीच्या समालोचकांनी थेट प्रक्षेपणातच निकालाविरुद्ध संताप व्यक्त केला. फ्रेंच परीक्षक मारी-रेन ल गून्य यांच्यावर दबाव आल्याचे प्रकरण त्यानंतर बाहेर पडले आणि काही दिवसांतच कॅनडाच्या जेमी साले आणि डेव्हिड पेल्टिए यांनाही सुवर्णपदक देण्यात आले. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने, म्हणजे आयएसयूने, २००४ मध्ये जुनी पद्धत मोडीत काढली आणि २००६ च्या तुरीन ऑलिंपिकपासून तेथेही नवी पद्धत लागू झाली. नव्या पद्धतीत प्रत्येक उडीचा, प्रत्येक गिरकीचा स्वतंत्र हिशेब होतो. तो अधिक तपशीलवार आहे, पण नुसते पाहून कळेल असा राहिलेला नाही. प्रक्षेपकांना म्हणूनच कोपऱ्यात एक हिशेबवही उघडून ठेवावी लागली.

चौकट वाचण्याची रीत

खेळाडूने उडी मारली की चौकटीत तिचे नाव आणि तिचे आधारमूल्य दिसते. हे मूल्य परीक्षक ठरवीत नाहीत, ते नियमपुस्तकात आधीच छापलेले असते: तिहेरी लुट्झचे ५.९०, तिहेरी अ‍ॅक्सलचे ८.००, चौपट टो-लूपचे ९.५०, चौपट लुट्झचे ११.५० आणि चौपट अ‍ॅक्सलचे १२.५० (लुट्झ, अ‍ॅक्सल, टो-लूप ही उड्यांच्या प्रकारांची नावे, आणि तिहेरी, चौपट ही हवेतल्या फेऱ्यांची मोजणी). कोणती उडी मारली गेली हे ठरवणारे तांत्रिक मंडळ वेगळे असते आणि ती कितपत चांगली झाली हे ठरवणारे परीक्षक वेगळे असतात. मल्लखांबाच्या स्पर्धा पाहिलेल्या वाचकाला हा भेद नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही, कारण अवघडपणा वेगळा आणि सफाई वेगळी हे तेथे डोळ्यांना दिसते. नऊपर्यंत परीक्षक प्रत्येक कृतीला उणे ५ ते अधिक ५ असा दर्जा देतात. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा दर्जा वगळून उरलेल्यांची सरासरी काढली जाते आणि दर्जाच्या प्रत्येक पायरीमागे आधारमूल्याचे दहा टक्के वाढतात किंवा घटतात. चौकटीतला आकडा उडीनंतर काही सेकंदांनी हलतो, तो याच कारणाने.

आता सुरुवातीच्या तक्रारीकडे वळू. एखाद्याने चौपट लुट्झ पूर्ण चार फेऱ्या घेऊन मारली, पण उतरताना तो पडला, तर सर्व परीक्षकांनी उणे ५ दर्जा दिला असे धरून ११.५० मधून ५.७५ जातात आणि पडण्याचा आणखी १ गुण वजा होतो. तरी हाती ४.७५ उरतात. दुसऱ्याने तिहेरी लुट्झ सुरेख मारली आणि अधिक ३ दर्जा मिळवला, तर त्याला ७.६७ मिळतात. म्हणजे जमिनीवर आदळूनही पहिला फक्त तीन गुणांनी मागे राहतो, आणि हीच चौपट उडी पुढच्या वेळी जमली तर अधिक ३ दर्जाने तिचे जवळपास १५ गुण होतात. बडे खेळाडू धोका का पत्करतात आणि एकदा पडलेला माणूस तरीही वर कसा राहतो, हे या साध्या बेरजेत आहे. शिक्षा पुरेशी कडक आहे का, हा वादाचा मुद्दा आहे. माझ्या मते ती आणखी थोडी कडक असायला हरकत नव्हती.

नावाशेजारी रंगीत चौकोन दिसतात, त्यांचा अर्थ सोपा आहे: हिरवा म्हणजे दर्जा अधिकात, तांबडा म्हणजे उण्यात आणि पिवळा म्हणजे ती कृती तांत्रिक मंडळ पुन्हा तपासणार आहे. क्रिकेटमध्ये निर्णय तिसऱ्या पंचाकडे गेला की आपण जसे हातातला चहा बाजूला ठेवतो, तसेच पिवळा चौकोन दिसला की चालू बेरजेवर विश्वास ठेवणे थांबवावे. उडीला पाव फेरीपेक्षा अधिक फेरी कमी पडली असे ठरले तर तिचे आधारमूल्य ८० टक्क्यांवर येते, आणि अर्धी फेरी किंवा त्याहून जास्त कमी पडली तर चौपट उडी तिहेरी म्हणून मोजली जाते. लुट्झ ही उडी पात्याच्या बाहेरच्या कडेवरून घ्यायची असते. ती आतल्या कडेवरून घेतली गेली तर त्याचीही कपात होते. या सर्व गोष्टी कार्यक्रम संपल्यावर ठरतात, म्हणून खेळाडू प्रशिक्षकासोबत बाकावर बसलेला असताना गुण यायला नेहमीपेक्षा उशीर लागला तर बहुतेक वेळा आकडा खाली येणार असे समजावे. या बाकाला ‘किस अँड क्राय’ म्हणतात; १९८३ च्या हेलसिंकी येथील जागतिक स्पर्धेच्या तयारीत हे नाव पडले, आणि कॅमेऱ्याला सर्वांत प्रिय असलेली जागा तीच आहे.

चालू बेरीज फसवू शकते, याचे उत्तम उदाहरण २०१८ च्या प्योंगचांग येथील आहे. तेव्हा कार्यक्रमाच्या दुसऱ्या अर्ध्यात मारलेल्या प्रत्येक उडीला दहा टक्के जादा मूल्य मिळत असे, म्हणून रशियाच्या अलिना झगितोव्हाने मुक्त कार्यक्रमातल्या (स्पर्धेच्या दोन भागांपैकी दुसरा, लांब भाग; पहिला तो लघु कार्यक्रम) सगळ्याच उड्या उत्तरार्धात ठेवल्या होत्या. पहिली दोन मिनिटे तिच्या खात्यात गिरक्या आणि पदन्यास यांचेच गुण जमत होते. नवख्या प्रेक्षकाला ती मागे पडल्यासारखी वाटली असेल. प्रत्यक्षात तिची तिजोरी अजून उघडायचीच होती. मुक्त कार्यक्रमात तिला आणि तिची सहकारी एव्हगेनिया मेद्वेदेव्हाला अगदी सारखे, १५६.६५ गुण मिळाले. लघु कार्यक्रमातल्या ८२.९२ विरुद्ध ८१.६१ या फरकाने झगितोव्हा जिंकली. त्याच वर्षी नियम बदलला आणि जादा मूल्य लघु कार्यक्रमातली शेवटची एक व मुक्त कार्यक्रमातल्या शेवटच्या तीन उड्यांपुरते मर्यादित झाले. तेव्हा आज पाहताना शेवटच्या तीन उड्यांकडे विशेष लक्ष ठेवावे. पाय थकलेले असतात आणि भाव वाढलेला असतो.

एक मोठी गोष्ट चौकटीत येतच नाही, ती म्हणजे घटकगुण. रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचे कौशल्य या तीन बाबींना १० पैकी गुण दिले जातात (२०२२ पूर्वी अशा पाच बाबी होत्या) आणि ते शेवटी एकदम जोडले जातात. स्थिर, वेगवान आणि संगीताशी एकरूप झालेला खेळाडू तांत्रिक बेरजेत मागे असूनही एकूण गुणांत वर जातो, तो याच ठिकाणी. २०२२ साली बीजिंगमध्ये रशियाच्या अलेक्सांद्रा त्रुसोव्हाने पाच चौपट उड्यांचा कार्यक्रम करून मुक्त भागात १७७.१३ असे सर्वाधिक गुण मिळवले, पण सुवर्ण तिचीच देशबांधव आना श्चेर्बाकोव्हाला मिळाले: तिचे मुक्त भागात १७५.७५ होते आणि लघु कार्यक्रमात ती साडेपाच गुणांहून अधिक पुढे होती. म्हणूनच मुक्त कार्यक्रम पाहायला बसताना लघु कार्यक्रमाचे आकडे कागदावर लिहून शेजारी ठेवावेत. मुक्त कार्यक्रमात साधारणपणे लघु कार्यक्रमाच्या निकालाच्या उलट्या क्रमाने खेळाडू येतात, म्हणजे पदकाचे दावेदार शेवटच्या गटात असतात. वेळ थोडा असेल तर तेवढा गट पाहिला तरी चालते.

कॅमेरा काय दाखवतो आणि काय झाकतो

ऑलिंपिकचे मूळ चित्रण प्रत्येक देशाची वाहिनी स्वतः करीत नाही. ते ऑलिंपिक ब्रॉडकास्टिंग सर्व्हिसेस ही आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २००१ साली स्थापन केलेली संस्था करते, आणि हक्क विकत घेतलेल्या वाहिन्या त्यावर आपले समालोचन आणि आपले निवेदक चढवतात. त्यामुळे एकच उडी टोकियोत, न्यूयॉर्कमध्ये आणि पुण्यात त्याच कोनातून दिसते, पण तिच्याबद्दलचे मत प्रत्येक ठिकाणी वेगळे ऐकू येते. समालोचक बहुधा माजी खेळाडू असतात आणि त्यांना आपल्या देशाचा स्पर्धक परका नसतो. पहिल्यांदा आवाज संगीतापुरता ठेवून पाहावे आणि दुसऱ्यांदा समालोचनासह पाहावे, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे. आधी ऐकले की डोळे तेच पाहू लागतात.

रिंगण ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असते. लांबून भिंग ताणून घेतलेल्या चित्रात खेळाडू पडद्याच्या मधोमध राहतो आणि मागचा कठडा तेवढा सरकतो, त्यामुळे वेग जवळजवळ नाहीसा होतो. प्रत्यक्ष स्टेडियममध्ये बसलेल्या माणसाला जो खेळाडू बाणासारखा जाताना दिसतो तो टीव्हीवर संथ वाटतो, आणि स्केटिंगच्या कौशल्याचे गुण तर बऱ्याच अंशी त्या वेगाचेच असतात. म्हणून दूरचे, वरून घेतलेले चित्र येईल तेव्हा दोन धक्क्यांत खेळाडू किती अंतर कापतो ते पाहावे. जवळच्या चित्रात पायच दिसत नाहीत, तेव्हा तेथून काही ठरवू नये.

कार्यक्रमानंतर दाखवले जाणारे संथ पुनर्दर्शन हा शिकण्याचा खरा तास असतो. त्यात हवेतल्या फेऱ्या मोजण्याच्या फंदात पडू नये. दोनच क्षण पाहावेत, बर्फ सोडण्याचा आणि बर्फाला टेकण्याचा. टेकताना पाते मागच्या दिशेला वळलेले हवे. ते आडवे टेकून मग बर्फावरच फिरले तर फेरी अपुरी आहे आणि पिवळ्या चौकोनाचे कारण सापडले. सहा प्रकारच्या उड्यांपैकी नवख्याला खात्रीने ओळखता येईल अशी एकच आहे: अ‍ॅक्सल. ती तेवढी पुढे तोंड करून घेतली जाते आणि म्हणून तिच्यात अर्धी फेरी जास्त असते. बाकीच्या पाच ओळखायला एक हंगाम लागतो, त्याची लाज बाळगू नये.

मात्र पुनर्दर्शनात आपल्याला दिसलेली चूक परीक्षकांनाही दिसलीच असेल, असे गृहीत धरू नये. २०२२ साली बीजिंगमध्ये पुरुषांच्या स्नोबोर्ड स्लोपस्टाइल (बर्फाच्या उतारावरचे अडथळे आणि उड्या) स्पर्धेत कॅनडाच्या मॅक्स पॅरोने ९०.९६ गुणांसह सुवर्णपदक मिळवले. एका उडीत त्याने हाताने बोर्ड पकडण्याऐवजी गुडघा पकडला होता. टीव्हीवरच्या एका कोनातून ते स्पष्ट दिसले, पण परीक्षकांसमोर गुण देताना तो कोन नव्हता. चूक निसटल्याचे मुख्य परीक्षकांनी नंतर मान्य केले. निकाल तोच राहिला आणि रौप्यपदक चीनच्या सू यीमिंगकडे. घरी बसलेल्या प्रेक्षकाला परीक्षकापेक्षा अधिक दिसावे, ही परिस्थिती विचित्र आहे, पण परीक्षणाच्या हिवाळी खेळांत ती घडते. त्याच ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डच्या हाफपाइप (अर्ध्या नळीसारख्या बर्फाच्या खोलगट मार्गावरच्या) प्रकारात जपानच्या आयुमु हिरानोच्या दुसऱ्या फेरीला केवळ ९१.७५ मिळाल्यावर अमेरिकी समालोचकाने थेट प्रक्षेपणात परीक्षकांना धारेवर धरले. हिरानोने तिसऱ्या फेरीत ९६.०० मिळवून वाद स्वतःपुरता मिटवला. तेव्हा निकाल खटकला की पहिला प्रश्न असा विचारावा: हे चित्र परीक्षकांना कोणत्या कोनातून आणि किती वेळ दिसले होते?

वेळेचे गणितही जमवावे लागते. उदाहरणार्थ, इटलीची हिवाळी वेळ भारतापेक्षा साडेचार तास मागे असते, म्हणजे तेथे संध्याकाळी सातला सुरू होणारा कार्यक्रम आपल्याकडे रात्री साडेअकराला दिसतो. बीजिंग अडीच तास पुढे आहे, आणि २०२२ ची पुरुषांची फिगर स्केटिंग स्पर्धा तेथे सकाळीच झाली, कारण त्या वेळी अमेरिकेत रात्रीच्या जेवणानंतरची, जाहिरातींची सर्वांत महागडी वेळ असते. थेट पाहणे शक्य नसेल तर निकालाच्या बातम्या टाळून नंतर पाहावे.

सराव ऑलिंपिकच्याच वेळी करण्याची गरज नाही. आयएसयूच्या यूट्यूब वाहिनीवर कनिष्ठ ग्रां प्री मालिकेच्या स्पर्धा विनामूल्य दाखवल्या जात आल्या आहेत आणि तो हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो. तेथे खेळाडू अनोळखी असल्याने नावाचे दडपण नसते. एक गट निवडावा, कोपऱ्यातली चौकट कागदाने झाकावी, प्रत्येक उडीला स्वतःचा अधिक किंवा उणे दर्जा लिहावा आणि मग कागद काढून ताडून पाहावे. पहिल्या दिवशी निम्मे चुकतील. चुकलेल्या उडीचे पुनर्दर्शन लावून पाते टेकतानाचा क्षण तेवढा पुन्हा पाहावा.